एकचाकीची बैठक



या व्याख्यानमालेत आजवर अर्थकारणावर, नाटकावर, नदीच्या पाण्यावर व्याख्याने झाली. उद्या याच जागेवरून एक विद्वान प्राध्यापक संतवाङ्मयावर बोलणार आहेत. मधल्या एका संध्याकाळी सायकलच्या सीटवर, आणि तीही एका चाकाच्या सायकलच्या सीटवर बोलायला आम्ही उभे आहोत. कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यावर दोघातिघांनी रस्त्यात गाठून आम्हाला विचारले, "हा छापखान्याचा घोटाळा तर नाही ना?" नाही. विषय आम्हीच सुचवला आणि चिटणिसांनी तो हसत हसत का होईना, मान्य केला. त्यांचे आभार मानून सुरुवात करतो.

आम्ही पंडित नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. सायकलच्या दुकानात पंक्चर काढता काढता रात्रशाळा केली आणि उरलेले शिक्षण कारखान्याच्या फाटकावर व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पुढे युनियनच्या कामात पडलो ते आजतागायत. आमच्या कामात 'बैठक' हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. कामगारांची बैठक, मालकांशी बैठक, सरकारी अधिकाऱ्यासमोर बैठक. पण कामगार ज्या बैठकीवर प्रत्यक्ष बसून काम करतो, तिच्याविषयी या कोणत्याही बैठकीत फारसे बोलणे होत नाही. आज आपण त्या दुसऱ्या बैठकीविषयी बोलू.

मराठीत 'खोगीरभरती' म्हणून एक शब्द आहे. एखाद्या पुस्तकात निरुपयोगी पाने घातली, एखाद्या समितीत नावापुरती माणसे घेतली, की आपण नाक मुरडून म्हणतो, ही सगळी खोगीरभरती! घोड्याच्या खोगिरात चिंध्या, लोकर, गवत कोंबत, त्यावरून हा शब्द आला. बाहेरून दिसत नाही म्हणून काहीही भरले तरी चालते, असा त्यातला भाव. हा शब्द घोड्याला किंवा स्वाराला विचारून केलेला दिसत नाही. ज्याच्या पाठीवर ते खोगीर चढते आणि जो त्यावर दहा कोस बसतो, त्या दोघांच्या दृष्टीने वरची नक्षी गौण आणि आतली भरती मुख्य. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, भरती कशाची असावी हे बसणाऱ्याला विचारून ठरले पाहिजे, आणि तिचा खर्च बसवणाऱ्याने सोसला पाहिजे.

खोगिरावरून सर्कशीकडे येणे आपल्याकडे अवघड नाही. हिंदुस्थानातली पहिली देशी सर्कस १८८० साली उभी केली ती विष्णुपंत छत्रे यांनी, आणि ते मुळात अश्वविद्येत निष्णात. त्यांच्यामागून सांगली, मिरज, तासगाव या टापूतून कितीतरी सर्कशी निघाल्या. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत जनावरांचे शिक्षक म्हणून गाजले. सर्कशीच्या रिंगणात घोड्यामागून सायकल आली, आणि सायकलीमागून एकचाकी.

एकचाकीचा जन्म उंच चाकाच्या जुन्या सायकलीतून झाला, असे मानले जाते. १८७० नंतर युरोपात जी सायकल चाले, तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे अगदी लहान असे. पॅडल पुढच्या चाकालाच बसवलेले. एकदम रोखली की मागचे चाक उचलले जाई. काही धाडसी स्वारांनी ते उचललेलेच ठेवून पुढच्या एका चाकावर तोल साधला, आणि मागचे चाक अखेर काढूनच टाकले. पुढे ही गाडी सर्कशीपुरती राहिली नाही. जपानात ती प्राथमिक शाळांच्या मैदानावर आली. युरोप-अमेरिकेत डोंगरवाटांवरून ती नेणारे निघाले. एड प्रॅट या इंग्रज तरुणाने तर २०१५ ते २०१८ या काळात ३६ इंची चाकाच्या एकचाकीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. इतके दिवस तो ज्या वीतभर जागेवर बसला असेल, तिचा विचार आपण करू.

आपल्या नेहमीच्या सायकलवर माणसाचे वजन तीन ठिकाणी वाटले जाते. काही सीटवर, काही पॅडलवर, काही हँडलवर. रस्ता खराब आला की आपण हातापायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठतो. उतार आला की पाय स्थिर ठेवून नुसते बसतो. एकचाकीला हँडल नाही, चेन नाही, फ्रीव्हील नाही. पॅडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असल्यामुळे चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. पॅडलवर क्षणभर उभे राहता येते, पण विसावा असा नाही. बहुतेक सारे वजन सीटवर, आणि त्या सीटवर दोन्ही मांड्यांचे अखंड घर्षण. त्यातून वळायचे ते कमरेने आणि मांड्यांनी. सीटच हँडलचे काम करते. म्हणून तिचा आकार वेगळा. पुढचे आणि मागचे टोक उचललेले, मधली कंबर अरुंद, एकूण ठेवण केळ्यासारखी. मांड्यांना ती घट्ट धरता आली नाही तर माणूस पडतो. आणि फार घट्ट बसली तर सोलवटून निघतो.

आता आम्ही या विषयात कसे शिरलो ते थोडक्यात सांगतो. एका गावी नदीकाठच्या मैदानावर एक सर्कस महिनाभर मुक्कामाला होती. थकलेल्या पगाराचे गाऱ्हाणे घेऊन तिथली काही माणसे युनियनच्या कचेरीत आली. त्यांत एकचाकी चालवणारा एक पंचविशीतला कलावंत होता. बाकीचे बाकावर बसले, हा उभाच. आम्ही म्हटले, "अरे, बस की." तो म्हणाला, "नको दादा, बसवत नाही." दिवसाला तीन खेळ. शेवटच्या खेळानंतर कमरेखालचा भाग बधिर होई, मुंग्या येत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची कातडी महिनोन्‌महिने ओली राही. सीट म्हणजे पत्र्यावर पातळ स्पंज आणि वर फाटके रेक्झिन. नवी मागितली तर व्यवस्थापकाने उत्तर दिले होते, "सायकल कंपनीची आहे, बैठक तुझी आहे."

हे उत्तर ऐकून आम्हाला राग आला आणि कुतूहलही वाटले. पगाराचा प्रश्न त्याच्या वाटेने चालला. सीटच्या प्रश्नासाठी आम्ही आणखी दोन कामगार गाठले. एक फूटपाथवर आरी-रापी घेऊन बसणारे म्हातारे चर्मकार, त्यांना सारे तात्या म्हणत. दुसरे रिक्षाच्या सीटा भरणारे कुशनवाले चाचा. त्या दोघांनी आणि त्या पोराने मिळून जी सीट केली, तिच्यावरून आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पाया. गादी काढल्यावर खाली जी टणक पाटी असते, ती पूर्वी पत्र्याची असे, नंतर प्लास्टिकची आली, आणि महागड्या सीटांत आता कार्बनच्या धाग्यांचीही असते. या पाटीला खालून चार बोल्ट असतात आणि ते सीटच्या दांड्यावरच्या पट्टीत बसतात. मियाता या जपानी कंपनीने या चार बोल्टांची जी मांडणी ठेवली, ती पुढे इतर अनेकांनी उचलली. पाटी लवचिक असली तर प्रत्येक पॅडलला ती पिळवटते, स्वाराची ताकद वाया जाते आणि अखेरीस बोल्टापाशी चीर पडते. पाटी बदलता येत नसेल तर तिच्या खाली धातूची आडवी पट्टी द्यावी आणि बोल्टाखाली रुंद वायसर घालावा, म्हणजे भार एका भोकावर न येता पसरतो. तात्यांनी पाटीच्या कडा कानशीने घासून गोल केल्या. मांडीला कापते ती वरची गादी नव्हे, गादीखालून डोकावणारी कड, हे त्यांनी बोट फिरवून पाहताच सांगितले.

दुसरी गोष्ट भरती. पोराने साहजिकच मऊ सीट मागितली, म्हणून चाचांनी मऊ स्पंजाचा जाड थर दिला. पहिल्या दिवशी पोरगा खूश होता. चौथ्या दिवशी दुखणे वाढलेले. आपण बसतो ते ढुंगणाच्या दोन हाडांवर. स्पंज फार मऊ असला की ही दोन हाडे त्यात रुततात आणि त्यांच्यामधला स्पंज फुगून वर येतो. तो नेमका मधल्या मऊ भागावर दाबतो, जिथून शिरा आणि रक्तवाहिन्या जातात. बधिरपणा येतो तो त्या दाबाने. चाचांनी मग भरतीची रचनाच बदलली. खाली बंद छिद्रांचा दाट फोम, जो पाणी पीत नाही आणि लवकर दबत नाही. त्यावर बोटभर मध्यम फोम. आणि मध्ये, पुढून मागे, एक उथळ चर कोरलेली. हाडांखाली आधार आणि मधल्या भागाखाली पोकळी. धारदार सुरीने कापायचे, काचकागदाने घासायचे, पोराला बसवायचे, पुन्हा घासायचे. पुढचे उचललेले टोकही थोडे उतरवले, कारण पुढे झुकले की तेच पोटाखाली रुतत होते. फार उतरवले असते तर मांड्यांची पकड गेली असती. किती उतरवायचे हे चाचांना ठरवता येत नव्हते. ते पोराच्या अंगाला विचारूनच ठरले.

परदेशातल्या स्वारांनी आणखी एक युक्ती काढलेली आहे. फोमच्या ऐवजी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब दुमडून कव्हराखाली घालतात आणि तिचा व्हॉल्व्ह बाजूने बाहेर ठेवतात. हवा कमीजास्त करून बैठक आपल्या वजनाला जुळवता येते, पाऊस तिला बाधत नाही. मात्र हवा जास्त झाली की सीट फुटबॉलसारखी डुलते आणि तोल जातो. लांबच्या प्रवासाला काहींना ही सोय फार मानवली. रिंगणात, जिथे तोल तसूभरही ढळून चालत नाही, तिथे आमच्या पोराला दाट फोमच बरा वाटला.

तिसरी गोष्ट कव्हर. चामडे टिकते, अंगाचा आकार घेते. पण घाम आणि पाणी त्याला सोसत नाही, त्याला अधूनमधून तेल द्यावे लागते आणि उन्हात टाकून चालत नाही. रेक्झिन पाणी सोसते, पण घामाने चिकटते. तात्यांनी दोन्हींचा मेळ घातला. मांड्या घासतात तिथे पातळ, मऊ चामडे आणि टोकांना रेक्झिन. सगळी कसोटी शिवणीची होती. मांडीच्या वाटेत एकही टाका येता कामा नये. त्यांनी शिवण खालच्या कडेला नेली आणि कडेला लेंग्यासारखा नेफा करून त्यात मेण लावलेली नाडी ओवली. नाडी खालून आवळली की कव्हर तणावत बसते. सोडली की निघते, वाळवता येते, भरती तपासता येते. खिळे-पिना मारून कायमचे बंद केलेले कव्हर आत काय कुजले आहे ते कळू देत नाही. आम्हाला काही संस्थांचे हिशेब आठवले, पण तो विषय आजचा नव्हे.

चौथी गोष्ट रक्षण. एकचाकी स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. खाली उतरलात, तोल गेला, नुसती भिंतीवरून घसरली, तरी पडते, आणि पडताना जमिनीवर आपटते ते सीटचे पुढचे नाही तर मागचे टोक. म्हणून दोन्ही टोकांना कठीण प्लास्टिकचे आवरण बसवतात. पुढच्यालाच मूठ असते, ती धरून पडती गाडी सावरता येते. ही आवरणे झिजण्यासाठीच असतात. ती झिजतात म्हणून सीट वाचते. ती नसतील तर जुन्या टायरचा तुकडा कापून स्क्रूने बसवावा, स्क्रूचे डोके आत बुडालेले असावे, म्हणजे जमिनीला खरवडून ते निघत नाही. वहाणेच्या टाचेला नाल मारतात, त्यातलाच हा प्रकार. झिजलेला तुकडा महिन्या-दोन महिन्यांनी बदलायचा आणि चारही बोल्ट प्रत्येक खेळापूर्वी हाताने तपासायचे. एक बोल्ट सैल झाला की उरलेल्या तिघांवर भार येतो, आणि मग तेही टिकत नाहीत. हे युनियनवाल्याने वेगळे समजावून सांगायची गरज नाही!

सीट झाली. तीन आठवड्यांत मांडीची कातडी वाळली. बधिरपणा कमी झाला, पूर्ण गेला नाही, कारण दिवसाचे तीन खेळ तसेच होते. उत्तम बैठकसुद्धा कामाच्या तासांना पर्याय होऊ शकत नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

आता कुणी म्हणेल, एका कलावंताच्या दुखण्यावरून एवढे व्याख्यान कशाला? तर थोडे अमेरिकेत जाऊ. तिथे कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा अभ्यास करणारी 'नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ' ही सरकारी संस्था आहे. सायकलवरून गस्त घालणारे पोलीस बधिरपणाची तक्रार करत होते. संस्थेने ती हसण्यावारी नेली नाही. पाच शहरी भागांतल्या नव्वद पोलिसांना पुढचे नाक नसलेली सीट सहा महिने वापरायला दिली. २००८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, आधीच्या सहा महिन्यांत बधिरपणा मुळीच आला नाही असे सांगणारे सुरुवातीला शंभरात २७ होते, ते अखेरीस ८२ झाले. एकचाकीला ही सीट चालणार नाही, कारण तिथे पुढचे टोकच पकड देते. म्हणून तर चर कोरावी लागते. पण धडा दोघांना एकच आहे. माणसाचे अंग बिघडलेले नव्हते, बसायची जागा चुकीची होती. आणि ती जागा बदलता येत होती.

आपल्याकडेही बसण्याचा प्रश्न कायद्याला अगदीच अपरिचित नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ४४ वे कलम होते. उभ्याने काम कराव्या लागणाऱ्या कामगारांना, संधी मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून, बसण्याची सोय मालकाने करावी, असे त्यात सांगितले होते. पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे. केरळातल्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रिया दिवसभर उभ्या असत. समोर गिऱ्हाईक नसले तरी टेकण्याची मुभा नसे. त्यांनी संघटना केली, झगडल्या, आणि २०१८ साली केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घातला. तामिळनाडूने २०२१ साली तेच केले. एका स्टुलासाठी एवढे झगडावे लागले. सर्कशीच्या बाबतीत, १९९८ साली वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांचे खेळ सरकारने बंद केले. मुक्या प्राण्यांचे हाल थांबले, हे योग्यच झाले. पण रिंगणातली त्यांची जागा माणसांच्या कसरतींनी भरून काढायची होती. त्या माणसांच्या अंगावर किती भार वाढला, याची चौकशी कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

राहिला व्यवस्थापकाच्या उत्तराचा प्रश्न. "सायकल कंपनीची, बैठक तुझी." हे उत्तर सर्कशीपुरते असते तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. शिवणयंत्र कारखान्याचे, पण स्टूल बाईने घरून आणायचे. ट्रक मालकाचा, पण सीटवरची गादी ड्रायव्हरच्या पैशाची. सामान पोहोचवणाऱ्या पोराची तर गाडीही त्याचीच आणि पाठदुखीही त्याचीच. जिथे यंत्र संपते आणि माणसाचे अंग सुरू होते, नेमक्या त्या सांध्यावर मालक आपली जबाबदारी संपवतो. आमचे म्हणणे असे की, जबाबदारी तिथेच सुरू होते. सीट हे कामाचे हत्यार आहे. पगाराच्या तडजोडीत आम्ही सीटचा मुद्दा घातला तेव्हा समोरचे लोक हसले. शेवटी फोम, चामडे आणि बोल्ट यांचा खर्च त्यांनी मान्य केला. तात्यांची आणि चाचांची मजुरी मान्य केली नाही. ती युनियनच्या पेटीतून दिली. तात्या पैसे घेईनात. म्हणाले, "अहो, आयुष्यभर लोकांच्या पायांचं केलं, बुडाचं पहिल्यांदाच केलं, राहू द्या." आम्ही ते त्यांच्या हाती ठेवलेच. फुकट काम आमच्या तत्त्वात बसत नाही, मग ते प्रेमाने केलेले का असेना.

सर्कस मुक्काम हलवून गेली. पोरगा जाताना जुने फाटके कव्हर तात्यांकडे ठेवून गेला, नमुना म्हणून. कारण नव्या कव्हरचा नाडीचा नेफा पाहून दोरीवर चालणाऱ्या एका मुलीने आपल्या चपलांसाठी तात्यांकडे विचारणा केली होती.

श्रोतेहो, सुट्टीत मुलांना घेऊन सर्कशीला जाल तेव्हा झगमगीत कपड्यातला एखादा तरुण एका चाकावरून रिंगणाला फेरी घालील आणि तुम्ही टाळ्या द्याल. जरूर द्या. फक्त त्याच्या खालच्या त्या वीतभर वस्तूकडे एकदा नजर टाका. तिची टोके झिजली आहेत का, कव्हर फाटले आहे का ते पाहा. आणि घरी परतल्यावर तुमच्या दुकानात, कचेरीत, कारखान्यात जी माणसे बसून वा उभी राहून काम करतात, त्यांना विचारा, "बैठक बरी आहे ना?" उत्तर देणारा माणूस आधी थोडा हसेल. मग सांगू लागेल. तेव्हा मात्र ऐकून घ्या.